सात सेकंदांचं गणित



आज मी तुम्हाला एक गणित घालणार आहे. घाबरू नका, पाढे पाठ नसले तरी चालतील. पण हे गणित तुम्हाला दिवसातून दोनदा सोडवावं लागतं, एकदा शाळेत येताना आणि एकदा घरी जाताना. आणि ते चुकलं तर खोडरबराने खोडून पुन्हा लिहायची सोय नाही, बरं का!

आधी एक गोष्ट सांगते. गेल्या वर्षी चौथीच्या वर्गाला मी रस्ता ओलांडायचे नियम शिकवले. फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘आधी उजवीकडे पाहा, मग डावीकडे पाहा, पुन्हा उजवीकडे पाहा आणि मगच रस्ता ओलांडा.’ मुलांनी वहीत उतरवून घेतलं. पुढे चाचणीत तोच प्रश्न आला. एका मुलीने उत्तर अगदी स्वल्पविरामासकट बरोबर लिहिलं. मीही खूश होऊन पाचपैकी पाच गुण दिले.

चारच दिवसांनी ती मुलगी शाळेत आली, तर गुडघा फुटलेला, डबा सांडलेला आणि डोळे पाण्याने डबडबलेले. रस्ता ओलांडताना ती एका स्कूटरपुढे आली होती. स्कूटरवाल्या काकांनी करकचून ब्रेक लावला म्हणून खरचटण्यावर निभावलं. मी जखम धुतली, औषध लावलं आणि मग आम्हा शिक्षकांच्या सवयीप्रमाणे विचारलं, “अगं, उजवीकडे पाहिलं नव्हतंस का?”

ती हुंदके देत म्हणाली, “पाहिलं होतं ना बाई! पण तिथे रिक्षा उभी होती. मला रिक्षाच दिसली.”

मी गप्पच झाले. पोरीने माझा नियम तंतोतंत पाळला होता. ‘पाहा’ असं मी सांगितलं होतं. पण पाहिल्यावर काय दिसायला हवं, ते सांगितलंच नव्हतं. पोहणं कधी फळ्यावर शिकवता येतं का? मग रस्ता तरी कसा येईल?

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला घेऊन मैदानावर गेले. मैदानावर आम्ही फक्कीने दोन समांतर रेषा आखल्या. दोन्ही रेषांमध्ये अंतर ठेवलं ७ मीटर. दोन गाड्या शेजारून जातील असा साधा रस्ता साधारण तेवढाच रुंद असतो. मग एकेकाला न धावता, नेहमीच्या चालीने या रेषेपासून त्या रेषेपर्यंत जायला सांगितलं. बाकीचे मोठ्याने सेकंद मोजत होते. कुणाला सहा सेकंद लागले, कुणाला आठ. बहुतेकांना सात. म्हणजे सेकंदाला एक मीटर, हा आपला वेग!

आता खरं गणित. ताशी ४० किलोमीटर वेगाने येणारी मोटारसायकल एका सेकंदात ११ मीटरांहून थोडी जास्त पुढे सरकते. मग तुमच्या सात सेकंदांत ती किती पुढे येईल? जवळजवळ ७८ मीटर! खो-खोचं मैदान २७ मीटर लांब असतं. तशी तीन मैदानं एकापुढे एक ठेवा, म्हणजे साधारण तेवढं अंतर झालं. आम्ही टेप घेऊन ७८ मीटर मोजायला निघालो, तर शाळेची भिंत आली तरी अंतर काही संपेना. मुलं तर बघतच राहिली. “बाई, इतक्या लांबची गाडी?” हो, इतक्या लांबची! आणि ती ताशी ६० च्या वेगाने येत असली, तर ११७ मीटर लांबची.

मग मी मुलांना शाळेबाहेरच्या पदपथावर उभं केलं. मोटारसायकल येताना दिसली की विचारायचं, “आता ओलांडाल का?” बहुतेक जण ‘हो’ म्हणायचे. लगेच आम्ही सगळे मोजायला लागायचो, “एक... दोन... तीन... चार...” आणि पाच म्हणायच्या आत गाडी सुर्रकन समोरून गेलेली असायची! तुम्ही वेंधळे आहात म्हणून असं होतं, असं मुळीच नाही. प्राथमिक शाळेच्या वयात गाडी किती लांब आहे हे डोळ्यांना समजतं, पण ती किती वेगाने येते आहे, याचा अंदाज नीट येत नाही. तो वयानुसार आणि सरावाने येतो. म्हणूनच तर हे सात सेकंद मोजून शिकायचे.

यातून वर्गाने मिळून काही नियम ठरवले. या वेळी नियमाबरोबर ‘का?’ सुद्धा लिहिलं.

पहिला नियम : उभं वाहन म्हणजे भिंत. उभ्या रिक्षाच्या, बसच्या किंवा टेम्पोच्या पुढून-मागून रस्ता ओलांडायचा नाही. का? तुम्हाला पलीकडचं दिसत नाही आणि पलीकडच्यांना तुम्ही दिसत नाही. रिक्षातून उतरलात तर रिक्षा निघून जाईपर्यंत कडेलाच थांबा, किंवा रस्ता दूरवर मोकळा दिसेल अशा जागी चालत जा.

दुसरा नियम : एक गाडी थांबली म्हणजे रस्ता थांबला, असं समजायचं नाही. का? एखादी मोटार तुमच्यासाठी थांबते, पण तिला बाजूने ओलांडून मागची दुचाकी पुढे येऊ शकते. थांबलेल्या गाडीची कड आली की क्षणभर थांबा, डोकावा आणि मग पुढे जा.

तिसरा नियम : रस्त्यात दुभाजक असेल तर दोन रस्ते समजायचे. अर्धा ओलांडा, थांबा, पुन्हा पाहा, मग उरलेला ओलांडा. आणि धावायचं नाही. धावणारा पाय घसरतो आणि मध्येच थांबता येत नाही.

चौथा नियम : पदपथ असेल तर पदपथावरून चालायचं. नसेल तर रस्त्याच्या उजव्या कडेने. का? आपल्याकडे वाहनं डावीकडून जातात. उजव्या कडेने चाललात की जवळून जाणारी वाहनं तुमच्या समोरून येतात, पाठीमागून नाही. जे दिसतं त्याच्यापासून बाजूला सरता येतं.

आता सायकलवाल्या दादा-ताईंनो, तुमची पाळी! इथे एक गंमत आहे. चालणाऱ्याने उजवी कड धरायची, पण सायकलने डावीकडूनच जायचं. असं उलटं का? पुन्हा गणितच करू. तुमची सायकल ताशी १२ किलोमीटरने जाते आहे आणि स्कूटर ताशी ४० ने. दोघं एकाच दिशेने जात असाल तर वेगांत फरक २८ चा. पण तुम्ही उलट दिशेने, म्हणजे तिच्या समोरून आलात, तर दोन्ही वेगांची बेरीज होते, ५२! समोरच्याला सावरायला वेळ जवळजवळ निम्माच उरतो. ‘इथून इथे तर जायचंय’ म्हणून चुकीच्या बाजूने सायकल घालणाऱ्यांनी ही बेरीज लक्षात ठेवावी.

निघण्याआधी एक मिनिट सायकलला द्या. चाकांत हवा आहे का, दोन्ही ब्रेक लागतात का, चेन सैल नाही ना, घंटी वाजते का आणि मागचा लाल रिफ्लेक्टर पुसलेला आहे का, एवढंच पाहायचं. दप्तर हँडलला लटकवू नका, वळताना सायकल हिसका देते. ते पाठीवर घ्या किंवा कॅरिअरला घट्ट बांधा. डबलसीट नको, मोटारसायकलला हात धरून ओढून घेणं तर नकोच नको! आणि डोक्यावर हेल्मेट असू द्या. गुडघा महिनाभरात बरा होतो. डोक्याचं तसं नाही.

मुलांनो, आपला उस्मानपुरा तुम्हाला माहीत आहेच. क्रांती चौकातून रेल्वे स्टेशनकडे जाणारा रस्ता इथूनच जातो. संत एकनाथ रंगमंदिर, शासकीय तंत्रनिकेतन, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, देवगिरी महाविद्यालय हे सगळं याच भागात. म्हणजे शाळेची मुलं, कॉलेजचे दादा-ताई, कामावर निघालेले आणि गाडी गाठायची घाई असलेले अशा सगळ्यांची सकाळी एकाच रस्त्यावर गाठ पडते. २०२० साली केंद्र सरकारने सायकलींना प्रोत्साहन देण्यासाठी शहरांची एक स्पर्धा सुरू केली. त्यात आपल्या शहरानेही भाग घेतला आणि क्रांती चौक ते रेल्वे स्टेशन याच रस्त्यावर सायकलींसाठी वेगळी पट्टी आखली गेली. पण पट्टी नुसती आखून भागत नाही, ती मोकळी राखावी लागते. तिच्यावर कुणी ‘दोनच मिनिटं’ म्हणून गाडी लावली, की सायकलवाल्या मुलाला रहदारीत शिरावं लागतं. ती दोन मिनिटं कुणाची असतात? बऱ्याचदा आपल्याच घरच्या मोठ्यांची!

म्हणून आता हा अंक जरा आई-बाबांच्या हातात द्या. पुढचा मजकूर त्यांच्यासाठी आहे.

पालकहो, शिक्षण हक्क कायद्याच्या महाराष्ट्रातील नियमांनुसार पहिली ते पाचवीच्या मुलांना १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीच्या मुलांना ३ किलोमीटरच्या आत शाळा असावी, असं ठरलेलं आहे. १ किलोमीटर म्हणजे मुलाच्या पावलांनी पंधरा-सतरा मिनिटं. ३ किलोमीटर म्हणजे सायकलवर साधारण पंधरा मिनिटं. म्हणजे कायद्यानेसुद्धा शाळा पायी आणि सायकलने जाण्याच्या अंतरावरच कल्पिली आहे. तरीही शाळा भरताना फाटकापुढे पाहा, दुचाकींची ही गर्दी! ‘रहदारी फार, मुलाला एकटं कसं पाठवू?’ म्हणून आपण गाडीवर सोडायला येतो, आणि आपली गाडी त्या रहदारीत आणखी एकाची भर घालते. जो चालत येतो, त्याची वाट आपणच अडवतो. माझ्या वर्गातल्या मुलीला ज्या रिक्षाने रस्ता दिसू दिला नाही, तीही मुलांना सोडायलाच थांबली होती.

मी असं म्हणत नाही की उद्यापासून मुलाला एकटं सोडा. आधी आठवडाभर त्याच्याबरोबर चाला. पहिले दोन दिवस तुम्ही रस्ता दाखवा, पुढचे दोन दिवस त्याला म्हणा, ‘आता तू मला ने.’ कुठे थांबतो, कुठे पाहतो, ते बघा. शेवटी दहा पावलं मागून चाला. आणि लहान असेल तर गल्लीतली पाच-सहा मुलं एकत्र करून आळीपाळीने एकेका पालकाने सोबत जावं. इंग्लंडमध्ये १९९८ पासून अशी ‘चालती बस’ निघू लागली. तिला ना पेट्रोल लागतं, ना तिकीट! जपानमध्येही अनेक ठिकाणी वरच्या वर्गातली मुलं धाकट्यांना रांगेत घेऊन शाळेत जातात. गाडीवर सोडणं भागच असेल, तर फाटकापासून शंभर पावलं अलीकडे, डाव्या कडेला उतरवा. तेवढ्याने फाटक मोकळं राहतं.

आणखी एक. ‘नववीत गेलाय, आता स्कूटर चालवतो,’ असं कौतुकाने सांगू नका. २०१९ मध्ये सुधारलेल्या मोटार वाहन कायद्यानुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. त्यापेक्षा सायकल बरी! ग्रामीण भागात मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली दिल्या जातात, त्या शाळा लांब म्हणून शिक्षण सुटू नये यासाठीच.

हे सारं मुलांनीच करायचं का? नाही. आज सायकलींसाठी नावाजलेल्या नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं दगावली. त्यांत ४०० हून अधिक मुलं होती. तेव्हा आई-वडील रस्त्यावर उतरले, मुलांसाठी सुरक्षित रस्ते मागितले आणि हळूहळू ते रस्ते बदलले. आपल्याही शाळेपुढे झेब्रा पट्टे पुसट झाले असतील, गतिरोधक नसेल, तर पालकसभेत विषय काढा आणि महापालिकेला अर्ज द्या. अर्जावर वीस सह्या असल्या तर उत्तम.

चला, अंक परत मुलांकडे! या आठवड्याचा उपक्रम असा. घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढा. कुठे ओलांडता, कुठे वाहनं उभी असतात, कुठे वळण आंधळं आहे, कुठे गटाराचं झाकण नाही, ते सगळं लाल खडूने दाखवा. मग लाल खुणा कमी असलेली दुसरी वाट आहे का, ते शोधा. ती थोडी लांबची असली तरी हरकत नाही. दोन मिनिटं आधी निघा. आणि आपल्या रस्त्याची रुंदी ओलांडायला तुम्हाला किती सेकंद लागतात, ते मैदानावरच मोजा, रस्त्यावर नाही हं!

त्या मुलीचं काय झालं, असं विचाराल. ती आता पाचवीत आहे आणि धाकट्या भावाला सोबत घेऊन चालतच येते. परवा मी फाटकाशी उभी होते. पलीकडे एक टेम्पो उभा होता. भाऊ निघालाच होता, तिने त्याचा हात धरून मागे ओढलं. दोघं टेम्पोपासून लांब, मोकळ्या जागी गेली, उजवीकडे-डावीकडे पाहिलं, थांबली, एक मोटारसायकल जाऊ दिली आणि मग सावकाश चालत पलीकडे आली. मी मनातल्या मनात मोजत होते. बरोबर सात!

या वेळी पाचपैकी पाच गुण मी मनापासून दिले.

पुढच्या आठवड्यात भेटूच.

तुमच्या,
बाई