माळरानाचाही चित्रपट व्हावा

२००९ साली टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढून, गळ्यात जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ बिबट्या सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईला पोहोचला. विद्या अत्रेया यांच्या संशोधनातील ही वाटचाल सुजय डहाके यांनी २०१४ साली पडद्यावर आणली, आणि माझ्या मते दफ्तरातील शंभर अहवालांना जे साधत नाही ते एका मराठी चित्रपटाने साधले. आमच्या जळकोटात मात्र वन्यप्राणी म्हटला की पंचनामा आणि नुकसानभरपाईचा अर्जच आठवतो; सोयाबीनचे कोवळे शेंडे खुडणाऱ्या हरणाचे शेतकऱ्याने कौतुक करावे, ही अपेक्षाच अन्यायाची. शेतकऱ्याचीही कैफियत ज्यात येईल असा माहितीपट वनखात्याने काढावा आणि शहरी महोत्सवांआधी जिल्हा परिषदेच्या शाळांत दाखवावा.