घरशाळेचं वर्ष हंगामावर आखा, वाचन मात्र रोजचं ठेवा

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारे आईबाप पुण्या-मुंबईत आता अगदीच विरळ राहिलेले नाहीत. उद्या सांगली जिल्ह्यातल्या पलूससारख्या तालुक्याच्या गावात कुणी हा विचार बोलून दाखवला तर नवल वाटायला नको. पण घरी शिकवायचं ठरलं की बहुतेक घरांत पहिली गोष्ट एकच होते. बालभारतीचा संच आणायचा, भिंतीवर वेळापत्रक लावायचं, अकरा ते पावणेबारा मराठी, पावणेबारा ते साडेबारा गणित, आणि जून ते एप्रिल धडे मोजून वाटून टाकायचे. ही शाळाच झाली, फक्त मित्र, मैदान आणि बाई वजा केलेली. इतकंच करायचं असेल तर मुलाला शाळेतून काढण्याचं कारण मला दिसत नाही. माझं म्हणणं असं की, सहा ते अकरा वयाच्या मुलाचं घरशाळेचं वर्ष दोन पदरांनी विणावं. वाचन, लेखन आणि गणित हा एक पदर रोजचा, कुठल्याही कारणाने न तुटणारा. बाकी सगळं, म्हणजे परिसर, विज्ञान, इतिहास, भूगोल, हे गावाच्या हंगामावर सोडावं. जे जेव्हा डोळ्यांसमोर घडतं ते तेव्हा शिकवावं.

शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास शिकवणं बंधनकारक केलं आहे. हिशेब केला तर दिवसाला चार तास पडतात. हे चार तास एका शिक्षकासमोर वीस-तीस मुलं बसलेली आहेत असं धरून ठरले आहेत. हजेरी, वह्या तपासणं, मागे पडलेल्याला थांबून सांगणं, दंगा आवरणं हे सगळं त्यात येतं. घरी एका मोठ्या माणसासमोर एक किंवा दोन मुलं असतात, तेव्हा टेबलाशी चार तास बसवण्याचा हट्ट निरर्थक आहे. पण या आकड्यांतला दिवसांचा भाग मात्र घरानेही मानावा. तास कमी चालतील, दिवस कमी चालणार नाहीत. लग्नसराई, जत्रा, पाहुणे, द्राक्षाची तोडणी या प्रत्येक कारणाने घरचा अभ्यास पहिला बुडतो, कारण तिथे घंटा वाजवणारं कुणी नसतं.

रोजच्या पदराबद्दल मी इतका आग्रही का, हे करोनाकाळाने दाखवून दिलं आहे. 'असर'च्या देशपातळीवरील ग्रामीण पाहणीत, पाचवीतल्या ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येत होता त्यांचं प्रमाण 2018 मध्ये 50.5 टक्के होतं. शाळा बंद राहिल्यानंतर 2022 मध्ये ते 42.8 टक्क्यांवर आलं. या आकड्यांचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही ऐकायला हवेत. शाळा उघड्या होत्या तेव्हाही निम्म्या मुलांना वाचता येत नव्हतं, म्हणजे शाळेत नाव असणं ही वाचनाची हमी नाही. आणि मुलं घरी बसली तेव्हा परिस्थिती आणखी बिघडली, म्हणजे नुसतं घरी असणं हीदेखील हमी नाही. शेजारच्या सातारा जिल्ह्यात, फलटणला, मॅक्सीन बर्नसन यांनी 1978 च्या सुमारास शाळेतून गळलेल्या मुलांना वाचायला शिकवण्यापासून काम सुरू केलं. त्यातून पुढे 1986 मध्ये कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी राहिली. त्या कामातून घरच्या शिक्षकाने घेण्यासारखी गोष्ट साधी आहे. सगळी मुळाक्षरं आणि बाराखडी संपेपर्यंत वाचन लांबणीवर टाकायचं नाही. थोडी अक्षरं हाताशी आली की त्यांतूनच अर्थाचे शब्द, वाक्यं वाचायची आणि मुलाला स्वतःचं काही लिहू द्यायचं. रोज तास-दीड तास इतकं झालं तरी पुरे. इंग्रजीची गोष्टही याच वेळात बसते, त्यासाठी वेगळा संसार मांडायला नको.

आता दुसरा पदर. पलूस तालुक्याइतकी समृद्ध वर्षभराची पाठ्यवस्तू फार कमी गावांना मिळते. जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या प्रत्येक घरात एकच विषय असतो, पाणी. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ 40 फुटांना इशारा पातळी आणि 45 फुटांना धोका पातळी, हे इथल्या माणसाला पाठ आहे. वर्तमानपत्रात पातळी 38 फूट 6 इंच छापून आली, तर इशारा पातळीला किती उरलं? तिसरी-चौथीच्या मुलाला इथे पहिल्यांदा कळतं की उसना घेतलेला फूट दहाचा नसून बारा इंचांचा असतो. पंधरा दिवस रोजची पातळी चौकटीच्या कागदावर टिंबांनी मांडली की आलेख तयार होतो, आणि तो का चढला याचं उत्तर शोधायला कोयनेपर्यंत जावं लागतं. 105 टीएमसीचं धरण, विसर्गाचे क्युसेक, महाबळेश्वरचा पाऊस, ब्रह्मनाळला कृष्णेला मिळणारी येरळा, पलीकडे अलमट्टी. नकाशा मग मूल स्वतःहून मागतं. 2005, 2019 आणि 2021 चे पूर घरातल्या मोठ्यांनी पाहिलेले आहेत. पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं हे आजी दाखवू शकते, आणि ती खूण मोजपट्टीने मोजता येते. भिलवडी, अंकलखोप, बुर्ली, आमणापूरच्या मुलाला नदी कळणं हा नुसता भूगोल नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. इथे वाढणाऱ्या मुलाला पोहता येणं, पुराच्या पाण्यात काय करू नये हे माहीत असणं, अभ्यासक्रमात पहिल्या पानावर असलं पाहिजे. त्या पानाची जागा इतिहासाच्या सनावळीने घेऊ नये.

ऑक्टोबरात द्राक्षबागेची छाटणी झाली की दुसरा पाठ सुरू. मुलाने एकच वेल निवडावी, तिला आपलं नाव द्यावं आणि तोडणीपर्यंतच्या चार-साडेचार महिन्यांची नोंदवही ठेवावी. काडीवर किती डोळे राखले, कितव्या दिवशी फुटले, घड केव्हा दिसला, फुलोरा केव्हा, विरळणीनंतर घडात मणी किती राहिले, मण्याची जाडी किती मिलिमीटर झाली, अवकाळी पाऊस पडला त्या आठवड्यात पानांवर काय दिसलं. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो, हे प्रमाण पुस्तकातल्या कुठल्याही उदाहरणापेक्षा पक्कं बसतं, कारण तराजू शेडमध्येच असतो. एक अट मात्र कडक हवी. डोळे फुटण्यासाठी लावली जाणारी पेस्ट आणि फवारणी चालू असताना मूल बागेत असता कामा नये. आणि मुलाच्या हातात पेन्सिल असावी, कात्री नाही. शिकण्याच्या नावाखाली मुलाला मजूर करणं हा या कल्पनेतला सर्वांत मोठा धोका आहे. ज्या घराला त्या दोन हातांची गरज भासते त्या घराने घरशाळेचा विचारच करू नये.

उन्हाळ्याआधीचे कोरडे दिवस माणसांकडे जाण्याचे. प्रतिसरकारचं केंद्र असलेलं कुंडल इथलंच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर कारखाना काढला आणि त्या माळावरून 1920 पासून मासिकही निघू लागलं. लोखंडी नांगर आणि मासिक एकाच वाडीतून कसं निघालं, हा प्रश्न दहा वर्षांच्या मुलाला सहज पेलतो. सागरेश्वराच्या उजाड डोंगरावर माणसांनी जंगल कसं आणलं, भिलवडीत दूध गोळा होतं तेव्हा फॅट का मोजतात, हेही त्याच पंगतीतलं.

यावर पहिला आक्षेप येईल तो अभ्यासक्रमाचा. हंगामावर चाललं तर पोर्शन कसा पूर्ण व्हायचा? खरं तर प्राथमिक वर्गांत राज्याच्या पाठ्यक्रमालाही परिसरच अपेक्षित आहे. म्हणून तर तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक बालभारती जिल्ह्यानुसार वेगवेगळं काढत आली आहे. पुस्तक फेकून द्या असं मी म्हणत नाही, ते वर्षअखेरीस तपासणीसाठी उघडावं. कुठला घटक राहिला हे बघून एप्रिलचा महिना त्याला द्यावा. पुढे प्रमाणपत्र हवं असेल तर राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी आणि आठवीच्या पातळीची परीक्षा आहे. दुसरा आक्षेप शेतकरी घरांतून येईल आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. आम्ही पोराला शेतातून बाहेर काढायला शिकवतोय, तुम्ही त्याला पुन्हा बागेत नेताय. यातली कळकळ खरी आहे. पण नोंद ठेवणं, मोजणं, तुलना करणं, कारण शोधणं हे वेलीवर शिकलेलं मूल ते प्रयोगशाळेतही घेऊन जातं. बागेत राहायचं की नाही हे ते मोठं झाल्यावर ठरवेल.

कायद्याचं काय, असंही विचारलं जातं. शिक्षण हक्क कायदा मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य ठरवतो, पण तसं न करणाऱ्या पालकाला त्यात शिक्षा नाही आणि घरशिक्षणाची स्पष्ट मान्यताही नाही. ही संदिग्धता सरकारने दूर करायला हवी. तोवर पालकाच्या हाती एक आधार आहे. याच कायद्याच्या चौथ्या कलमाने शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेशाचा हक्क दिला आहे. परतीचा रस्ता खुला आहे, आणि वर्ष आखताना तो खुला ठेवणं हाही नियोजनाचा भाग आहे.

हे सगळं कोण करणार, हा प्रश्न टाळून चालणार नाही. आपल्याकडे घरशाळा म्हणजे आईची शाळा असा अर्थ आपोआप लावला जातो. स्वयंपाक, जनावरं, सासू-सासऱ्यांचं औषधपाणी आणि वर दोन मुलांचं शिक्षण एकाच बाईच्या डोक्यावर येणार असेल, तर ते वर्ष दसऱ्यापर्यंतही टिकणार नाही. बापाने आठवड्यातले ठरावीक दिवस स्वतःच्या नावावर लिहून घेतल्याशिवाय सुरुवातच करू नये. आणि मुलाला मुलं लागतात. संध्याकाळचं मैदान, तालीम, गावातलं वाचनालय, शेजारच्या मुलांसोबतचा आठवड्याचा एखादा वर्ग, यांची जागा वेळापत्रकात वाचनाइतकीच पक्की हवी.

हा सल्ला सगळ्यांसाठी नाही. याच तालुक्यात दिवाळीच्या आगेमागे बीड-जालन्याकडून ऊसतोड मजुरांचे तांडे उतरतात. त्यांची मुलं उसाच्या फडावर दिवस काढतात, कारण शाळेचं वर्ष आणि कोयत्याचं वर्ष एकमेकांशी जुळत नाही. पहाटे फडात गेलेल्या आईला घरशाळा सांगणं क्रूरपणा होईल. त्या मुलांना इथल्या जिल्हा परिषद शाळेत हंगामापुरता दाखला, साखरशाळा किंवा त्यांच्या गावी हंगामी वसतिगृह हवं, आणि ते मिळवून देणं सरकारचं आणि कारखान्यांचं काम आहे. शाळा बदलू शकते हेही आपण पाहिलं आहे. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषदेच्या शाळांनी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने मुलांना जमिनीवर, वस्तू हाताळत, आपापल्या गतीने शिकू दिलं, तेव्हा राज्यभरातून शिक्षक ते बघायला गेले. तुमच्या वाडीवर अशी शाळा असेल तर मूल तिथेच घाला.

आणि घरीच ठेवायचं ठरलं असेल तर जूनमध्येच एक तारीख वहीत लिहून ठेवा, दिवाळीनंतरचा पहिला सोमवार. त्या दिवशी घराबाहेरच्या एखाद्या जाणकार माणसासमोर मुलाला अनोळखी उतारा वाचायला द्या, चार ओळी मनाने लिहायला सांगा, त्याच्या वयाची वजाबाकी करू द्या. जूनपेक्षा पुढे गेलं असेल तर द्राक्षाची वही चालू ठेवा. गेलं नसेल तर त्याच आठवड्यात शाळेत नाव घाला. एप्रिलपर्यंत वाट बघू नका.