दोन झुडपांमधील मोकळी जागा

गुडघ्यांच्या दुखण्यामुळे खाली बसून काम करणे कठीण झाले, तेव्हा बागेचा नाद आता सोडावा, असे घरच्यांनी सुचविले. त्यांचे म्हणणे अवाजवी नव्हते. आमच्या सांगलीच्या घरापुढील वाफ्यांत मी दर हंगामाला नवी रोपे लावीत असे: पावसाळ्यात झेंडू आणि तेरडा, हिवाळ्यात पिटुनिया आणि डायन्थस. दरवेळी वाफा खणणे आणि रोज निंदणी करणे आता शक्य नव्हते. बाग मात्र सोडवेना. अखेर आधार मिळाला तो घेरदार बहुवर्षायू झुडपांचा.

काही वनस्पती उंच न वाढता बुंध्यापासूनच फांद्या फोडतात आणि पालथ्या घातलेल्या टोपलीसारखा आकार धारण करतात. बारीक जांभळट फुलांची कुफिया 30 ते 60 सेंटिमीटर, तर ठेंगणी रुएलिया 20 ते 30 सेंटिमीटर उंच होते. आपली अबोली आणि सदाफुली याच कुळरीतीच्या. वेळेवर छाटल्यास त्याही सुरेख गोलाई धरतात. मागील रांगेसाठी निळा चित्रक किंवा गवती चहाचा ठोंब उत्तम. या झुडपांची पालवी जमिनीवर छत्र धरते. त्यामुळे उन्हाने माती लवकर वाळत नाही, तणाला प्रकाश मिळत नाही आणि पावसाचा थेंब थेट मातीवर आदळत नाही. गुडघे दुखणाऱ्या माळिणीला याहून अधिक काय हवे!

परंतु वाचकहो, पहिल्या वर्षी मी एक चूक केली. रोपवाटिकेतून आणलेली रोपे तळहाताएवढी होती. त्यांच्यामधील उघडी माती मला पाहवेना, म्हणून 20 सेंटिमीटरवर एक अशी दाटीने लावली. दिवाळीपर्यंत वाफा भरून गेला. येणारे-जाणारे कौतुक करीत. दुसऱ्या पावसाळ्यात मात्र पानांत पाने अडकली, वारा खेळेनासा झाला आणि आमच्या काळ्या मातीत पाणी साचून सदाफुलीचे बुंधे कुजले. जी झुडपे वाचली, त्यांनाही घेर उरला नव्हता; खाली उघड्या काड्या आणि वर तेवढा पानांचा झुबका. अर्ध्याहून अधिक रोपे मला उपटावी लागली. हाताने लावलेले उपटताना वाटलेली हळहळ अजून आठवते.

तेव्हापासून मी रोपाकडे पाहून नव्हे, तर त्याच्या पूर्ण वाढीच्या घेराकडे पाहून अंतर ठरविते. घेर 50 सेंटिमीटर होणार असेल, तर एका बुंध्यापासून दुसऱ्या बुंध्यापर्यंत तेवढेच अंतर. दोन भिन्न झुडपे शेजारी असतील, तर दोन्ही घेरांच्या बेरजेचे निम्मे: एकाचा 60 आणि दुसऱ्याचा 40 असेल, तर 50. भिंत किंवा पायवाट यांपासून किमान निम्मा घेर दूर. काळी माती असल्यास शेणखत आणि मुरूम मिसळून वाफा 15 सेंटिमीटर उंच करावा. एकाच जातीची तीन किंवा पाच झुडपे एकत्र लावल्यास बाग विस्कळीत दिसत नाही.

पहिल्या वर्षीची मोकळी माती वाळक्या पानांच्या थराने झाकावी. थर बुंध्याला टेकू देऊ नये. फारच रिते वाटले, तर एका हंगामापुरता झेंडू लावावा. छाटणी फेब्रुवारीअखेर किंवा पहिल्या पावसानंतर करावी आणि एका वेळी एकतृतीयांशाहून अधिक छाटू नये. ऐन उन्हाळ्यात कात्री दूरच ठेवावी, कारण तेव्हा पालवीची सावली मुळांना हवी असते. गवती चहाचा ठोंब मधून पोकळ दिसू लागला, की पावसाच्या आरंभी तो विभागून लावावा. घाणेरी मात्र आणू नये. तिने आपल्या जंगलांत केवढी जागा बळकावली आहे, हे सर्वविदित आहे.

आता मी सकाळी खुर्ची टाकून बसते आणि लांब दांड्याच्या कात्रीने अर्धा तास काम करते. निंदणी जवळजवळ संपली आहे. येत्या जूनमध्ये रोपे लावताना वाफा अर्धा रिकामा दिसला, तर अस्वस्थ होऊ नका. ती जागा वाया गेलेली नाही; ती झुडपाच्या दुसऱ्या वर्षासाठी राखलेली आहे.