जीवदया-चिंतन : भारद्वाजाचे दर्शन



घराबाहेर पडताना भारद्वाज दिसला की दिवस शुभ जातो, अशी आपल्याकडे दृढ समजूत आहे. बुटीबोरीत कारखान्यांच्या भिंतींपलीकडे, शेताच्या धुऱ्यावरील झुडपांत हा पक्षी आजही आढळतो. डोमकावळ्याएवढा काळा देह, विटकरी-तांबूस पंख, लाल डोळे आणि लांब, रुंद शेपूट ही त्याची ओळख. उडण्यापेक्षा जमिनीवर चालणेच त्याला अधिक मानवते. ‘कूप-कूप-कूप’ असा त्याचा घुमणारा स्वर दूरवर ऐकू येतो.

कुळाने तो कोकिळेचा आप्त. आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत त्याच्या सुमारे ३० भाऊबंद जाती आहेत. मात्र कोकिळेप्रमाणे तो परक्या घरट्यात अंडी घालीत नाही. नर-मादी स्वतःच घरटे बांधतात, अंडी उबवितात, पिल्ले वाढवितात. आफ्रिकेतील काळ्या भारद्वाजात तर पिल्लांचा सारा भार एकटा नर वाहतो.

किडे, गोगलगायी, सरडे, लहान साप हे त्याचे भक्ष्य. म्हणून तो आपल्या करुणेस अपात्र ठरत नाही. पूर्ण संयमाचे सामर्थ्य मनुष्यभवातच आहे. तेव्हा दायित्वही आपलेच. परंतु त्याच्या घरट्यात संजीवनी मुळी असते, त्याच्या मांसाने छातीचे विकार बरे होतात, अशा भ्रमांपायी मनुष्यानेच त्याला छळले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला अभय दिले आहे.

आता एक कबुली. तीन वर्षांपूर्वी पर्युषणाच्या तयारीसाठी आमच्या वसाहतीने कुंपणालगतची झुडपे तोडून घेतली. हिशेब मजकडे असल्याने खर्चाच्या मंजुरीवर सही माझीच होती. सायंकाळी कापलेल्या फांद्यांत एक विस्कटलेले घरटे आणि तीन फुटलेली पांढरी अंडी दिसली. भारद्वाजाची जोडी अंधार पडेपर्यंत भिंतीवर येरझारा घालीत होती. आदल्याच आठवड्यात याच पक्ष्यास पाहून, शुभशकुन म्हणून मी स्कूटर थांबवून हात जोडले होते!

पावसाळा हा त्याच्या विणीचा मुख्य काळ. त्याच दिवसांत जीवहिंसा टळावी म्हणून आपले साधू-साध्वी विहार थांबवून एका स्थानी राहतात. मग आपण श्रावकांनी चार महिने कोयता थांबविणे अवघड आहे काय? तोडणे अटळच असेल, तर आधी झुडपात घरटे नाही ना, हे पाहून घ्यावे.

आमच्या कुंपणाची झुडपे आता कार्तिकी पौर्णिमेनंतरच छाटली जातात. शकुन शोधणारी दृष्टी स्वतःच्या लाभाकडे पाहते; समोरच्या जीवाचे सुखदुःख जाणणारी दृष्टीच खरे दर्शन घडविते.