सुताची चिंधी कुजते, टेरिकॉटची नाही



कापूस घरी आला की हिशेब भावाचा होतो, आणि तो झालाच पाहिजे. पण आणखी एक हिशेब आहे, तो कुणी मांडत नाही. आपल्या जमिनीतून काय गेले आणि परत काय आले? या जिल्हा बैठकीत तो मांडावा, असे आम्हाला वाटते.

रुईचा शेकडा ९० हून जास्त भाग निव्वळ सेल्युलोज असतो. झाडाने हवा, पाणी आणि उन्हातून बनवलेला तो धागा. नत्र, स्फुरद, पालाश त्यात नावापुरते. म्हणजे रुई विकल्याने जमिनीचा कस फारसा जात नाही. तो जातो सरकीतून, आणि धुऱ्यावर पेटवलेल्या पऱ्हाटीतून. पऱ्हाटी जाळली की नत्र आणि कर्ब धुरात जातात, हाती राख उरते.

कडब्यातले सेल्युलोज बैल पचवतो ते पोटातल्या जिवाणूंच्या बळावर. जमिनीत तेच काम बुरशी आणि जिवाणू करतात. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी फौजेचे सुती कापड भराभर कुजू लागले. शोध घेतला तेव्हा कापड खाणारी ट्रायकोडर्मा जातीची बुरशी सापडली. फौजेला जी शत्रू वाटली, तिचीच भावंडे आज कृषी विद्यापीठे आणि कृषी विज्ञान केंद्रे पाकिटात भरून आपल्याला देतात.

ढीग रचला की पहिल्या दोन-चार दिवसांत साधे जिवाणू साखर आणि पिष्ट खाऊन ढीग तापवतात. मग बॅसिलस आणि इतर उष्णता सोसणारे जिवाणू काम हाती घेतात. आतले तापमान ५५ ते ६५ अंशांवर जाते. त्यांच्यासोबत ॲक्टिनोमायसिट्स येतात, करड्या-पांढऱ्या तंतूंचे. मृगाच्या पहिल्या सरीला मातीला जो वास सुटतो, तो याच कुळाचा. ढीग निवला की ट्रायकोडर्मा, किटोमियम या बुरशा पुन्हा पसरून राहिलेला धागा आणि काडी फोडतात.

हे मजूर रोजी मागत नाहीत, पण नत्र, ओल आणि हवा मागतात. रुईत किंवा चिंधीत नत्र नाही. म्हणून ती तशीच शेतात टाकून पेरणी केली, तर जिवाणू पिकाच्या तोंडचे नत्र उचलतात आणि पीक पिवळे पडते. शेण, मूत्र, हिरवा पाला किंवा टनाला सात-आठ किलो युरिया मिसळून आधी ढिगात कुजवावे, मगच शेतात न्यावे.

हे ज्ञान परके नाही. इंदूरच्या कापूस संशोधन केंद्रात अल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्यासोबत हीच रीत बसवली आणि १९३१ साली दोघांच्या नावाने पुस्तक निघाले. पऱ्हाटी आणि तुराट्या ते शेतरस्त्यावर अंथरत, गाड्यांच्या चाकांखाली चुरा होई, मग तो ढिगात जाई. आज तेच काम श्रेडर करतो. किडकी बोंडे मात्र आधी वेचून नष्ट करावीत. पऱ्हाटी बांधावर रचून ठेवली तर गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत घर मिळते. पाणी नसेल तर चुरा करून ठेवावा आणि पावसाळा लागताच ढीग लावावा.

कापडही शेतात जिरते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या गूंडिविंडी भागात २०२१ साली एका कापूस उत्पादकाच्या शेतात पेरणीच्या काही महिने आधी सुमारे दोन टन जुने सुती कापड बारीक करून मिसळले. जमिनीतल्या सूक्ष्मजीवांचे काम वाढले, उगवणीला बाधा आली नाही. पण ते कापड सुती होते, हे विसरू नये.

आपल्याकडे शहरातून येणारी चिंधी बहुतेक मिसळीची असते. टेरिकॉटमधले सूत बुरशी खाते, पॉलिएस्टर जसेच्या तसे राहते. त्याचे बारीक तंतू मातीत मिसळले की वेचता येत नाहीत. पॉलिएस्टर खाणारा जिवाणू २०१६ साली जपानमध्ये सापडल्याचे जाहीर झाले, हे खरे. पण त्याच्या भरवशावर आपल्या ढिगात पॉलिएस्टर घालता येत नाही. शिवाय रंगांतून जड धातू येऊ शकतात. शहरी कंपोस्टातील शिसे, कॅडमियम, क्रोमियम यांच्या मर्यादा खत नियंत्रण आदेशात घालून दिलेल्या आहेत. त्या कागदावर राहू नयेत.

शहराने आपली रुई नेली, कापड वापरले, आणि उरलेला प्लास्टिकचा धागा खताच्या नावाने आपल्याच शेतात परत पाठवायचा, हा व्यवहार आम्हाला मान्य नाही. बैठकीने तीन ठराव करावेत. एक, जिनातला काडीकचरा आणि तुटकी पाती गावाला कुजवण्यासाठी परत मिळावीत. तो माल आपल्याच शेतातला आहे. दोन, प्रत्येक गावात पऱ्हाटीसाठी श्रेडर भाड्याने मिळावा. तीन, कापडाचे खत विकणाऱ्याने त्यात पॉलिएस्टर किती आणि जड धातू किती, हे पोत्यावर छापावे.

आणि एक काम ठरावावाचून आजच करता येते. काडीपेटी खिशात ठेवा. पऱ्हाटी पेटवू नका.