भाच्याची पहिली रायफल

आमचा भाचा मुळातच हातचलाख. आकाशकंदील विकत आणणे त्याला लहानपणीही कमीपणाचे वाटे! आता टेक्सासात ग्रीन कार्ड हाती पडताच त्याने विचारले, "मामा, पहिली रायफल तयार घेऊ, की सुटे भाग आणून घरी जोडू?" मी लष्करात आर्मरर होतो, म्हणून हा प्रश्न मला.

आपल्याकडे परवान्यावाचून बंदूक बनवली, तर १९५९चा शस्त्र कायदा तुरुंग दाखवतो. तिकडे एआर-१५ जातीच्या रायफलीचा खालचा सांगाडा तेवढा कायद्याच्या लेखी बंदूक. तो परवानेदार दुकानातून, अर्ज भरून घ्यायचा. नळी, बोल्ट, दस्ता ही मंडळी टपालाने येतात! नळी मात्र १६ इंचांहून आखूड नको; तिथे १९३४चा कायदा आडवा येतो.

जोडणे फारसे अवघड नाही, हीच तर गोम. बंद बोल्ट आणि काडतुसाची बैठक यांतले अंतर, ज्याला आम्ही हेडस्पेस म्हणतो, इंचाच्या हजारांश भागांत मोजावे लागते. ते वाढले तर काडतूस आतच फाटते, आणि नेम धरणाऱ्याचा गाल तर तिथेच टेकलेला! शिवाय नवशिक्याची गोळी चुकली, तर दोष हाताचा की जोडणीचा? बचत म्हणाल, तर ती पाने-मापे घेण्यातच जाते.

मी कळवले, "पहिली कारखान्याची घे, दुसरी खुशाल जोड. पण त्याआधी कुलपाचे लोखंडी कपाट आण. घरात चार वर्षांची पोर आहे."

कपाट आले आहे. रायफल अजून ठरायची आहे.