एमसीबी आहे, मग भीती कसली?

हॉस्टेलवर कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं : "एमसीबी आहे ना, काही होत नाही!" मित्रांनो, हा गैरसमज जिवावर बेतू शकतो. एमसीबी वायर वाचवते, माणूस नाही.

गणित फर्स्ट इयरचंच आहे. ओल्या अंगाचा रेझिस्टन्स साधारण १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला अंगातून २३० मिलिअँपिअर करंट जातो. हृदय बंद पाडायला एवढा पुरतो. पण १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही! माणूस वाचवते ती आरसीसीबी. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की ती क्षणात सप्लाय तोडते.

म्हणून रेक्टर सरांना एक विनंती. कॉइल जप्त केल्याने कॉइल संपत नाही, ती पलंगाखाली जाते. बंदी असावीच, पण प्रत्येक मजल्यावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबीही हवी. सुरुवात मेसपासून करा. तिथले मामा ओल्या फरशीवर उभे राहून ग्राइंडर चालवतात. आपल्यासाठी ती जेवायची जागा, त्यांच्यासाठी रोजची कामाची.

आपल्यालाही काम आहेच. महिन्यातून एकदा तिचं टेस्ट बटण दाबायचं (सबमिशनच्या रात्री नको!). ट्रिप झाली नाही तर लगेच तक्रार करायची. आणि एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल धरलात, तर तीही वाचवणार नाही. तेव्हा बोर्ड उघडण्याआधी मेन स्विच बंद!